धोपटी आणि सात किलो

सेना न्हाव्याची गोष्ट महाराष्ट्रात बहुतेकांनी ऐकलेली असते. सेना पूजेत रंगलेला, राजवाड्यातून बोलावण्यावर बोलावणी, आणि राजाचा कोप भक्तावर होऊ नये म्हणून खुद्द विठ्ठल सेनाचं रूप घेऊन राजाच्या सेवेला हजर होतो. पुढे तेलाच्या वाटीत राजाला चतुर्भुज मूर्ती दिसते. कीर्तनकार त्या वाटीपाशी गहिवरतात, श्रोतेही गहिवरतात. माझं मन मात्र दरवेळी जरा अलीकडेच घुटमळतं. देव निघाला तो हात हलवत निघाला नाही, काखेत धोपटी मारून निघाला. ज्याच्या नुसत्या इच्छेने राजाचे खुंट जागच्या जागी गळून पडले असते, त्यानेही आधी सामान बरोबर घेतलं.

धोपटी आता फारशी दिसत नाही. न्हाव्याची काखेत बसणारी ती पिशवी. तिच्यात वस्तरा, कात्री, नखं काढायची नराणी, चिमटा, धार लावायचा चामड्याचा पट्टा, फणी, पाण्याची वाटी, छोटा आरसा, तुरटीचा खडा. बलुतेदारीच्या काळात एवढ्या ऐवजावर अख्ख्या गावाचे चेहरे सांभाळले जात. मापाने ती आजच्या कुठल्याही विमानात डोक्यावरच्या कप्प्यात सहज बसेल, आणि वजन म्हणाल तर हातबॅगेच्या सात किलोच्या मर्यादेच्या खूप आत. तरीही विठ्ठलाला विमानतळावर अडवलंच असतं. वस्तरा पहिल्याच ट्रेमध्ये जप्त. नराणीवर दोघा-तिघांची चर्चा, मग तीही गेली. कात्रीचं माप घेतलं असतं. फणी, वाटी, आरसा आणि तुरटी घेऊन देव खिडकीजवळ बसला असता आणि राजा तसाच खुंट वाढवून वाट बघत राहिला असता.

हे मला सुचतं, कारण मी दाढी जुन्या पद्धतीने करतो आणि विमानाने जाताना शक्यतो हातातल्या बॅगेवर भागवतो. या दोन्ही सवयी एकेकट्या अगदी निरुपद्रवी आहेत. एकत्र आल्या की मात्र भांडतात. जुनी पद्धत म्हणजे साबण, ब्रश, वाटीत घोटलेला फेस, दोन्ही बाजूंनी धार असलेलं ब्लेड आणि ते आवळून धरणारा पितळी रेझर. आधी सुलटा हात, मग पुन्हा फेस लावून उलटा. शेवटी ओली तुरटी फिरवायची. ती कुठे झोंबते त्यावरून आज हात कुठे घसरला ते कळतं. सगळं मिळून दहा-बारा मिनिटं. घरात सकाळी एवढा वेळ मला दुसरं कोणी काही विचारत नाही, कारण ब्लेड हातात असलेल्या माणसाशी कोणी वाद घालत नाही.

माझ्या या सामानावर दोन तारखांची सत्ता चालते. ११ सप्टेंबर २००१ नंतर जगभर धारदार वस्तू संशयित ठरल्या. त्या दिवशीच्या अपहरणकर्त्यांकडे बंदुका नव्हत्या, चाकू-कटर होते. १० ऑगस्ट २००६ रोजी ब्रिटिश पोलिसांनी अटलांटिकवरून जाणारी विमानं द्रवरूप स्फोटकांनी उडवायचा कट उघडकीला आणला, आणि त्या दिवसापासून पातळ वस्तूही संशयित झाल्या. त्याच वर्षी शंभर मिलिलिटरचा नियम आला आणि बहुतेक ठिकाणी राहिला. म्हणजे ब्लेड २००१ च्या ताब्यात, क्रीम २००६ च्या ताब्यात. नियम डब्याचं माप बघतो, आतला माल बघत नाही. दीडशे मिलीची ट्यूब पिळून पिळून शेवटाला आलेली असली, शेपटीपासून गुंडाळत मानेपर्यंत आलेली असली, तरी ती दीडशेचीच. आपल्याकडे देशांतर्गत उड्डाणात पाण्याची बाटलीसुद्धा निघून जाते. परदेशी जाताना मात्र ट्यूब पारदर्शक पिशवीत घालून चारचौघांत मिरवावी लागते.

यात एक मजेदार न्याय आहे. दाढीच्या सामानातली जी जी वस्तू नव्या जमान्याची, ती ती अडकते. फवाऱ्याचा फोम अडकतो, जेल अडकतं, आफ्टरशेव्हची बाटली अडकते. आजोबांच्या वाटीतला साबणाचा गोळा मात्र घन पदार्थ असल्यामुळे कुठल्याच यादीत नसतो. तुरटीलाही हरकत नसते. साबणवाले लोक आणखी एका गोष्टीला मुकतात, म्हणजे ट्यूबच्या एका त्रासाला. विमान कितीही उंच गेलं तरी केबिनमधला दाब सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगराइतकाच ठेवतात. त्यामुळे जमिनीवर बंद केलेल्या ट्यूबमधली हवा वर फुगते, आणि उतरल्यावर झाकण उघडलं की क्रीम तुमच्याआधी मुक्कामाला पोचलेलं असतं. साबणाच्या गोळ्याला उंचीचं काही वाटत नाही.

पण ब्लेड? तिथे आजोबांची पुण्याई उपयोगी पडत नाही.

यावर सल्ला द्यायला माणसं टपलेली असतात. पहिला सल्ला, बॅग चेक-इन करा. ज्या वस्तूची जाडी मिलिमीटरचा दहावा हिस्सा आणि वजन ग्रॅमभरही नाही, तिच्यासाठी आख्खी बॅग विमानाच्या पोटात घालायची आणि उतरल्यावर त्या फिरत्या पट्ट्याशेजारी, दुसऱ्यांच्या बॅगा मोजत उभं राहायचं. दुसरा सल्ला बायकोचा. "अहो, तो प्लास्टिकचा न्या ना एक. वापरा आणि टाका." हा सल्ला बिनतोड आहे आणि म्हणूनच मला आवडत नाही. प्लास्टिकच्या रेझरला किंवा काडतुसवाल्या रेझरला विमानात मज्जाव नाही, कारण त्याची पाती साच्यात पक्की बसवलेली असतात, सुटी काढता येत नाहीत. सुटं ब्लेड तेवढं गुन्हेगार. आता केसाने गळा कापणारी किती माणसं रोज बोर्डिंग पास दाखवून सन्मानाने आत जातात, पण त्यांचं क्ष-किरणात काही दिसत नाही.

काडतुसवाल्यांबद्दल मला आकस नाही. त्यांचा एक किस्सा तर मला फार प्रिय आहे. जिलेट कंपनीने भारतीय पुरुषांसाठी एक रेझर बनवला आणि त्याची परीक्षा घेतली ती अमेरिकेत, एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय मुलांवर. पोरांनी एकमुखाने पसंती दिली. रेझर इथे आला आणि लोकांना चालेना. कारण एमआयटीतल्या पोरांसमोर धो धो वाहणारा नळ होता आणि इथला गडी समोर मगभर पाणी घेऊन बसलेला. त्या मगात बुचकळून पात्यांमधले केस निघेनात, रेझर तुंबून बसे. मग कंपनीची माणसं भारतात घरोघर जाऊन लोकांच्या दाढ्या बघत बसली. साहेब पाटावर बसून कोणाची तरी दाढी टक लावून बघतोय, घरातली बाई दाराआडून साहेबाला बघतेय, हे चित्र मी मनाशी अनेकदा रंगवलं आहे. त्यातून २०१० मध्ये एका पात्याचा, पंधरा रुपयांचा रेझर निघाला. पाच-पाच पात्यांच्या शर्यतीत धावणारी कंपनी मगभर पाण्यापुढे पुन्हा एका पात्यावर आली.

ज्याच्या नावाने ही कंपनी चालते तो किंग कॅम्प जिलेट स्वतः फिरता विक्रेता होता. बाटल्यांची बुचं विकणाऱ्या कंपनीसाठी तो गावोगाव हिंडे. बुचाचा शोध लावणाऱ्या त्याच्या मालकाने त्याला सांगितलं होतं की लोक एकदा वापरून टाकून देतील असं काहीतरी शोध, म्हणजे ते पुन्हा पुन्हा तुझ्याकडे येतील. १८९५ मध्ये सकाळी वस्तऱ्याची धार गेलेली पाहून त्याला ब्लेड सुचलं. इतका पातळ पत्रा धारेला टिकेल असं पोलादवाल्यांना वाटेना, त्यामुळे बाजारात यायला आठ वर्षं गेली. १९०३ सालची विक्री होती ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं. पुढच्याच वर्षी रेझर नव्वद हजारांवर गेले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने आपल्या सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले, आणि त्या पोरांनी खंदकातली सवय घरी नेली. एक पिढी बदलली.

याच जिलेटने ब्लेड सुचण्याच्या आदल्याच वर्षी एक पुस्तक लिहिलं होतं, हे मला कळलं तेव्हा मी त्याला सगळं माफ केलं. त्या पुस्तकात त्याची कल्पना अशी की नायगारा धबधब्यापाशी एकच प्रचंड नगर वसवावं आणि जवळपास अख्खी अमेरिका तिथे राहायला न्यावी. सगळे एकाच गावात म्हटल्यावर प्रवास संपला, बॅगा संपल्या, तपासणी संपली. ब्लेडचा प्रवासातला घोळ त्याने ब्लेडच्याही आधी सोडवून ठेवला होता. लोकांनी पुस्तकाकडे पाठ फिरवली आणि ब्लेड तेवढं उचललं.

तर आता मी करतो काय? रेझर नेतो, ब्लेड नेत नाही. अमेरिकेच्या नियमात हे स्पष्ट लिहिलेलं आहे, की ब्लेड काढलेला रेझर हातातल्या बॅगेत चालेल, अखेरचा निर्णय मात्र तपासणीवरच्या माणसाचा. हे शेवटचं वाक्य लिहिलेलं नसलं तरी ते सगळ्या जगात लागू असतं. माझा रेझर तीन तुकड्यांचा आहे. दांडा, खालची दातेरी पट्टी आणि वरची कमानदार टोपी. जोडलेला असला की क्ष-किरणाच्या पडद्यावर निदान ओळखू तरी येतो. एकदा मी शहाणपणा म्हणून तुकडे सुटे करून तीन वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवले. त्यावर बॅग बाजूला निघाली आणि सगळ्या चेन उघडल्या गेल्या.

तपासणीवरचा जवान तरुण होता. स्वतःची दाढी तुळतुळीत. त्याने तिन्ही तुकडे ट्रेमध्ये मांडले.

"ये क्या है?"

"रेझर. दाढीचा."

"जोड के दिखाइए."

मी जोडून दाखवला. त्याने टोपी उचकटून आत पाहिलं, पट्टीवरून अंगठा फिरवला.

"ब्लेड कहाँ है?"

"नहीं है. ब्लेड मना है ना."

तो क्षणभर गप्प झाला. मागे रांग वाढत होती. मग त्याने मला अगदी मनापासून विचारलं, "ब्लेड नहीं है, तो फिर इसको ले किसलिए जा रहे हो?"

याचं उत्तर रांगेत उभ्याउभ्या देण्यासारखं नव्हतं. "वहाँ मिल जाएगा," असं मी म्हणालो. त्याला ते पटलं नसावं, पण रेझर परत मिळाला.

वहाँ मिल जाएगा, हाच माझ्या प्रवासाचा एकमेव भरवसा आहे, आणि खरं सांगायचं तर एकमेव करमणूक. बाकी सगळं हल्ली घरबसल्या ठरलेलं असतं. खोली फोनवर, गाडी फोनवर, जेवण फोनवर. ज्या गावाला गेलो त्या गावाशी एक शब्द न बोलता दोन दिवस राहून परत येता येतं. ब्लेडसाठी मात्र खाली उतरावं लागतं. दहा मिनिटांत दारात आणून देणारे आता ब्लेडही देतात म्हणे. देत असतील. मी मागवत नाही.

इंदूरला मी रात्री उशिरा पोचलो होतो. सकाळी साडेनवाला बैठक, गालावर दीड दिवसाचे खुंट. त्या वेळी तिथला सराफा रंगात आलेला असतो. दिवसा सोनं विकणारी दुकानं मिटतात आणि त्यांच्या पायऱ्यांसमोर रात्री खाण्याचा बाजार भरतो. सारं इंदूर गराडू, जिलबी, भुट्ट्याचा कीस खायला लोटलेलं आणि मी त्या गर्दीतून आडवा-तिडवा ब्लेड शोधत निघालेला. एका गल्लीच्या तोंडाशी पानाची टपरी उघडी दिसली.

"ब्लेड है?"

टपरीवाल्याचा सुपारी कातरणारा हात थांबला. रात्री अकराला एकटा माणूस, अनोळखी, नुसतं ब्लेड मागतोय. त्याने आधी माझे डोळे पाहिले, मग हात, मग हळूहळू नजर गालांवर आली आणि तिथे त्याला हवा तो खुलासा मिळाला. चेहरा सैल झाला.

"एक दूँ या पूरा पैकेट?"

पाकीट घेतलं. पाच ब्लेडं, कटिंग चहाच्या हिशेबातली किंमत. पैसे घेता घेता त्याने मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, सकाळी पोहे कुठे खावेत. दुसरी, ही ब्लेडं मागच्या गल्लीतला सलूनवाला नेतो, म्हणजे चांगलीच असणार. दोन्ही बाबतींत तो बरोबर निघाला.

सलूनवाला कुठलं ब्लेड नेतो ही माहिती कुठल्याही गावात सोन्यासारखी आहे. आपल्याकडचा न्हावी आता वस्तऱ्याला धार लावत नाही. तो हेच दुधारी ब्लेड कागदासकट बोटांत धरतो, मधोमध दुमडतो, टक् असा बारीक आवाज होतो आणि ब्लेडचे दोन उभे भाग होतात. त्यातला एक वस्तऱ्याच्या खाचेत सरकवायचा, दुसरा पुढच्या गिऱ्हाइकाला. नव्वदच्या दशकात एड्सची भीती पसरली तेव्हा नवं ब्लेड गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत उघडायची रीत पडली. काहीजण तर आपलं ब्लेड खिशातून घेऊन येत. मी पाहिलेत असे लोक. खुर्चीत बसायच्या आधी ब्लेड काढून आरशासमोर ठेवत, देवापुढे सुपारी ठेवतात तसं.

ब्लेड मिळालं म्हणजे सगळं मिळालं असं नाही. पाणी आहे. मुंबई-ठाण्याचं पाणी तलावांचं, मऊ. त्यात साबण चार फेऱ्यांत उभा राहतो. बोअरवेलच्या पाण्यात तोच साबण, तोच ब्रश, तोच हात, आणि वाटीत नुसता चिकट पांढरा गाळ. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला फेस होऊ देण्याआधीच गाठतं. लंडनचं पाणी असंच जड. तिथे मुलीच्या घरी पहिल्या सकाळी मी इतका वेळ ब्रश घोटत होतो की तिने दार वाजवून विचारलं, "बाबा, ठीक आहात ना?" उपाय सोपा आहे. साबण दुप्पट घ्यायचा आणि अपेक्षा निम्मी ठेवायची. पिण्याच्या पाण्याची बाटली फोडूनही मी एकदा पाहिलं. फेस सुरेख आला, पण बायकोने ज्या नजरेने बाटलीकडे पाहिलं त्यानंतर पुन्हा धजलो नाही.

ब्रशाची गंमत वेगळी. तो कुठल्याही विमानतळावर अडत नाही. लाकडी मूठ, वर केसांचा झुपका, भोळाभाबडा जीव. पण या सगळ्या सामानात एकदा खरोखर माणसांचे बळी घेतले ते यानेच. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन-अमेरिकेत दाढीच्या ब्रशांतून अँथ्रॅक्स पसरला. घोड्यांचे नीट निर्जंतुक न केलेले केस स्वस्त ब्रशांत गेले, ब्रश सैनिकांच्या हातात गेले, आणि दाढी करताना कापलेल्या जागेतून रोग आत गेला. १९२० मध्ये ब्रिटनने जपानी ब्रशांच्या आयातीवर बंदी घातली. ब्लेड तेव्हा कोणाच्या खिजगणतीतही नव्हतं. आज ब्रश निर्धास्त आणि ब्लेड फरार. संशयसुद्धा फॅशनप्रमाणे बदलत असावा.

आणि ठिकाणाप्रमाणेही. मे १९६९ मध्ये अपोलो १० मधले तिघे चंद्राला वळसा घालून आले. त्या प्रवासात त्यांनी अंतराळात पहिल्यांदा दाढी केली, आणि तीही साध्या रेझरने आणि दाट क्रीमने. आधी भीती अशी होती की सुटलेले खुंट यानभर तरंगतील आणि यंत्रांत शिरतील. पण क्रीमने प्रत्येक केस आपल्यात धरून ठेवला आणि टॉवेलने तोंड पुसलं की काम झालं. म्हणजे चंद्राच्या वाटेवर ब्लेड चाललं. मुंबई-नागपूरला चालत नाही.

पण या सगळ्यावर कडी केली ती जर्मनीने. मुंबईहून लंडनला जाताना प्रश्नच नव्हता. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि लाडू यांच्या दोन मोठ्या बॅगा होत्या, त्यात ब्लेडंही गेली. लंडनहून कोलोनला मात्र आम्ही स्वस्त विमानाने, एकेक हातबॅग घेऊन गेलो. कोलोनजवळ सोलिंगेन आहे. शेकडो वर्षं तिथे तलवारी, चाकू, कात्र्या आणि वस्तरे होतात, आणि ते गाव आपल्या नावामागे अधिकृतपणे 'पात्यांचं शहर' असं लावतं. तिथे एका जुन्या मठात पात्यांचं संग्रहालय आहे. माझ्यासारख्या माणसाची ही पंढरी, आणि मी तिथे बिनब्लेडचा पोचलो होतो. आदल्या संध्याकाळी कोलोनच्या औषधं-साबण विकणाऱ्या एका साध्या दुकानातून दहाची पुडी घेतली होती, तेवढ्यावर दाढी झाली होती.

सोलिंगेनमध्ये मी काचेआडचे वस्तरे बघत राहिलो आणि बायकोने एका दुकानात भाजी चिरायची छोटी सुरी घेतली. मी तिला विमानतळावरचा अपमान सविस्तर समजावून सांगितला. तिने ऐकून घेतलं आणि दुकानदाराकडून पट्टी मागून पातं मोजलं. साडेपाच सेंटिमीटर. मुलीने फोनवर नियम काढून दाखवला. युरोपात सहा सेंटिमीटरपर्यंतचं पातं हातातल्या बॅगेत चालतं, त्यापुढचं नाही. आणि त्याच यादीत, चाकूच्या शेजारीच, दाढीचं ब्लेड. ते मात्र कितीही लहान असो, बंद. माझं ब्लेड लांबीला सव्वाचार सेंटिमीटर. जिने दुधी भोपळ्याचे दोन तुकडे होतात ती सुरी सभ्य, आणि ज्याने धड कागदही सरळ कापता येत नाही ते ब्लेड धोकादायक. पुढे विमानतळावर बाईने ती सुरी उलटसुलट पाहिली, पट्टी लावली आणि हसून परत दिली. बायको माझ्याकडे बघत होती हे मी न बघताही सांगू शकतो.

राहिला प्रश्न पुडीतल्या उरलेल्या ब्लेडांचा. हा प्रश्न दर प्रवासात येतो. ब्लेडं पाच-दहाच्या पटीत विकतात आणि माणूस दोन दिवस राहतो. उरलेली परत नेता येत नाहीत. खोलीच्या कचऱ्याच्या डब्यात टाकावीत तर सकाळी तो डबा हाताने उपसणाऱ्या माणसाचा विचार येतो. अमेरिकेत जुन्या हॉटेलांच्या न्हाणीघरात भिंतीला एक बारीक फट असे. वापरलेलं ब्लेड त्यात सोडायचं, ते भिंतीच्या पोकळीत जाऊन पडे, आणि इमारत पाडेपर्यंत कोणाला त्याची फिकीर नसे. आता ती सोय राहिली नाही. मी सहसा जवळच्या सलूनमध्ये नेऊन देतो. इंदूरच्या त्या मागच्या गल्लीतही तसंच केलं होतं.

कोलोनमध्ये हॉटेलच्या खालीच एक तुर्की न्हावी होता. विमान दुपारचं, बॅगा भरून झालेल्या. मी आत गेलो, पुडी पुढे केली आणि इंग्रजीत म्हणालो, तुमच्यासाठी. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला तुर्की आणि जर्मन येत नव्हतं. त्याने पुडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं उमगल्यासारखं झालं. गिऱ्हाईक आपलं ब्लेड घेऊन आलंय. असे लोक त्यानेही पाहिलेले असणार. जराही राग न मानता त्याने मला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं, पुडीतलं एक ब्लेड काढून कागदासकट टक् करून मोडलं, आणि सकाळीच मी उलट्या हातापर्यंत घोटून केलेल्या दाढीवर पहिल्यापासून फेस लावायला घेतला. मी हातवारे केले. त्याने ते मान हलवायची नाही या अर्थाचे समजून माझं डोकं घट्ट धरलं. कानावरचे केस त्याने पेटत्या काकड्याने जाळले. शेवटी लिंबाच्या वासाचं कोलोन दोन्ही गालांवर थापटलं. कोलोन शहराच्या नावाचीच ती चीज तिथे तुर्की हातून लागावी हे बरंच झालं.

पंधरा युरो झाले. मी दिले. तो गल्ल्यापासून धावत दारापर्यंत आला, कारण मी विसरून निघालो असं त्याला वाटलं, आणि उरलेली ब्लेडं नीट पुडीत घालून त्याने माझ्या हातात ठेवली. बाहेर टॅक्सी लागली होती आणि बायको घड्याळ दाखवत होती.